‘होय’ म्हणण्यापूर्वी यादी वाचा : लिनक्सच्या अद्ययावतीकरणाची शिस्त

संगणकाने प्रश्न विचारावा आणि समोरच्याने तो न वाचताच ‘होय’ म्हणावे, ही सवय आता बहुतेकांच्या अंगवळणी पडली आहे. बहुतेक वेळा त्यामुळे काही बिघडत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये मात्र बिघडले आणि तेही जगभरातील प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत.

कॅनडातील लायनस सेबॅस्टियन हे तंत्रज्ञानविषयक चित्रफितींचे प्रसिद्ध निवेदक. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्याशी त्यांचे केवळ नामसाधर्म्य आहे. रोजच्या वापरासाठी लिनक्स कितपत सोयीचे आहे, हे पडताळून पाहण्यासाठी त्यांनी ‘पॉप ओएस’ हे लिनक्सचे वितरण आपल्या संगणकावर बसवले. त्यावर ‘स्टीम’ हे संगणकीय खेळांसाठीचे सॉफ्टवेअर घ्यावयाचे होते. चित्रात्मक दुकानातून ते बसेना, तेव्हा त्यांनी टर्मिनल उघडून थेट आज्ञा दिली. संगणकाने काढून टाकावयाच्या पॅकेजांची भली मोठी यादी पडद्यावर मांडली, हे कृत्य घातक ठरू शकते असे बजावले आणि तरीही पुढे जायचे असेल तर ‘होय, मी सांगतो तसेच कर’ अशा अर्थाचे संपूर्ण इंग्रजी वाक्य टंकण्यास सांगितले. त्यांनी ते वाक्य टंकले. संगणकानेही शब्दशः तसेच केले. संगणक पुन्हा सुरू झाला तेव्हा खिडक्या, चित्रे, मेनू असे काहीही उरले नव्हते; उरला होता तो काळा पडदा आणि पांढरी अक्षरे. एका खेळाच्या सॉफ्टवेअरपायी अवघा डेस्कटॉप काढला गेला होता.

दोष कोणाचा, यावर बराच काळ वाद झडला. पॅकेजांच्या जुळणीत चूक होती, हे खरे. यादी पडद्यावर होती आणि ती वाचली गेली नाही, हेही तितकेच खरे. पुढे ‘ॲप्ट’ या पॅकेज व्यवस्थापकाच्या निर्मात्यांनी असे वाक्य टंकून अत्यावश्यक पॅकेजे काढून टाकण्याची सोयच बंद केली. परंतु प्रत्येक चुकीला अशी कडी घालता येत नाही. लिनक्सवरील सॉफ्टवेअर सुरक्षितपणे अद्ययावत ठेवण्याचे शास्त्र फारसे अवघड नाही. त्याचा गाभा एवढाच, की संगणक काय करणार आहे हे तो आधी सांगतो आणि ते वाचण्याची जबाबदारी वापरणाऱ्याची असते.

न करण्याची किंमत

अशा घटना ऐकल्या, की अनेकांची प्रतिक्रिया ठरलेली असते. ‘चालू आहे ते चालू द्यावे, उगाच हात लावू नये.’ जुने ते सोने ही म्हण दागिन्यांना आणि भांड्यांना लागू पडत असेल. सॉफ्टवेअरला ती लागू पडत नाही. सॉफ्टवेअरमधील सुरक्षेची त्रुटी उघडकीस आली आणि तिच्यावरील दुरुस्ती प्रसिद्ध झाली, की ती त्रुटी नेमकी कोठे आहे हे साऱ्या जगाला कळते. त्या क्षणापासून दुरुस्ती न केलेला प्रत्येक संगणक हा कुलूप कसे उघडते हे जाहीर झालेल्या घरासारखा असतो.

अमेरिकेतील ‘इक्विफॅक्स’ या पतमानांकन कंपनीचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. ‘अपाची स्ट्रट्स’ या सॉफ्टवेअरमधील गंभीर त्रुटीवरील दुरुस्ती ७ मार्च २०१७ रोजी प्रसिद्ध झाली. कंपनीच्या एका यंत्रणेवर ती बसवली गेली नाही. मे महिन्याच्या मध्यापासून त्याच वाटेने हल्लेखोर आत शिरले आणि जुलैअखेरपर्यंत माहिती उपसत राहिले. सप्टेंबरमध्ये कंपनीने हा प्रकार जाहीर केला. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची नावे, जन्मतारखा, सामाजिक सुरक्षा क्रमांक अशी माहिती परक्यांच्या हाती पडली होती. दुरुस्ती दोन महिने आधीपासून उपलब्ध होती.

म्हणजे दोन्ही बाजूंना धोका आहे. डोळे मिटून ‘होय’ म्हटले तर यंत्र बसते. हात बांधून बसले तर घर लुटले जाते. मधला मार्ग समजून घेण्यासाठी आधी लिनक्समधील पॅकेजांची व्यवस्था पाहावयास हवी.

‘अपडेट’ म्हणजे ‘अपग्रेड’ नव्हे

लिनक्सवरील बहुतेक सॉफ्टवेअर ‘पॅकेज’च्या रूपात येते. प्रत्येक पॅकेजमध्ये त्या प्रोग्रॅमच्या फाइली तर असतातच, शिवाय त्याचे नाव, आवृत्तीचा क्रमांक आणि त्याला चालण्यासाठी अन्य कोणकोणती पॅकेजे लागतात याची नोंद असते. ही सारी पॅकेजे वितरणाच्या भांडारात ठेवलेली असतात. इयान मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या ‘डेबियन’ या वितरणाच्या सध्याच्या भांडारात अशी सुमारे ७० हजार पॅकेजे आहेत. ‘उबुंटू’ आणि ‘लिनक्स मिंट’ ही लोकप्रिय वितरणे डेबियनच्याच घराण्यातील. ‘सी-डॅक’ने विकसित केलेले ‘बॉस’ हे भारतीय वितरणही डेबियनवरच आधारलेले आहे. या सर्वांवर ‘ॲप्ट’ हाच पॅकेज व्यवस्थापक चालतो.

येथे नवख्या माणसाचा पहिला गोंधळ होतो तो दोन शब्दांमुळे. ‘ॲप्ट अपडेट’ ही आज्ञा कोणतेही सॉफ्टवेअर बदलत नाही. भांडारात आज कोणत्या आवृत्त्या आहेत, याची ताजी यादी ती आणते. वाण्याच्या दुकानातून नवे दरपत्रक आणावे, पण जिन्नस एकही आणू नये, असा हा प्रकार. जिन्नस घरात येतो तो ‘ॲप्ट अपग्रेड’ या दुसऱ्या आज्ञेने. यादी ताजी न करताच नवे पॅकेज बसवू पाहणे हे जुन्या दरपत्रकावरून खरेदी करण्यासारखे आहे. भांडारातून एव्हाना काढून टाकलेली फाइल संगणक मागत राहतो आणि चुका दाखवतो.

‘अपग्रेड’मध्येही दोन पायऱ्या आहेत. साधे ‘अपग्रेड’ बसवलेल्या पॅकेजांच्या नव्या आवृत्त्या आणते, परंतु आधीचे कोणतेही पॅकेज काढून टाकत नाही. एखादी नवी आवृत्ती जुने पॅकेज काढल्याशिवाय बसणार नसेल, तर साधे ‘अपग्रेड’ तिला हात न लावता मागे ठेवते. ‘फुल-अपग्रेड’ ही आज्ञा मात्र जरूर पडल्यास पॅकेजे काढूनही टाकते. रोजच्या कामासाठी पहिली पुरेशी असते. दुसरी वापरताना डोळे अधिक उघडे असावेत.

‘फेडोरा’ आणि ‘रेड हॅट’च्या घराण्यात ‘डीएनएफ’ हा व्यवस्थापक असतो. तेथे ‘डीएनएफ अपडेट’ हे ‘डीएनएफ अपग्रेड’चेच दुसरे नाव आहे, म्हणजे ती आज्ञा देताच प्रत्यक्ष पॅकेजे बदलण्याची तयारी सुरू होते. एका घराण्यातील ज्ञान दुसऱ्या घराण्यात नेताना हा फरक लक्षात ठेवलेला बरा.

यादी कशी वाचावी

‘अपग्रेड’ची आज्ञा दिल्यावर संगणक लगेच कामाला लागत नाही. किती पॅकेजे अद्ययावत होणार, किती नवी बसणार, किती काढली जाणार आणि किती मागे राहणार, याचा हिशेब तो आधी मांडतो. किती माहिती उतरवावी लागेल आणि डिस्कवर किती जागा लागेल हेही सांगतो. मगच प्रश्न विचारतो. या हिशेबातील सर्वांत महत्त्वाचा आकडा ‘काढली जाणार’ हा होय. तो शून्य असेल तर सहसा चिंतेचे कारण नसते. शून्य नसेल तर नावे वाचावीत. ज्यांची आता कोणाला गरज नाही अशी जुनी साहाय्यक पॅकेजे असतील तर हरकत नाही. परंतु डेस्कटॉप, लॉगिनचा पडदा, नेटवर्क, कर्नल किंवा कार्यालयात रोज लागणारे डेटाबेस यांपैकी काही त्या यादीत दिसले, तर उत्तर ‘नाही’ हेच असावे. ‘नाही’ म्हटल्याने काहीही बिघडत नाही. कारण शोधण्यास वेळ मिळतो आणि भांडारातीलच चूक असेल तर ती अनेकदा थोड्याच काळात सुधारली जाते.

ज्यांना आधी नुसते पाहावयाचे आहे त्यांच्यासाठी ‘सिम्युलेट’ हा पर्याय आहे. तो दिला असता ॲप्ट सारे गणित मांडून दाखवते, पण फाइलीला हात लावत नाही. एखाद्या पॅकेजची आवृत्ती काही कारणाने बदलू द्यावयाची नसेल, तर ‘ॲप्ट-मार्क होल्ड’ या आज्ञेने ते जागच्या जागी थांबवता येते. मात्र असे थांबवलेले पॅकेज सुरक्षेच्या दुरुस्त्यांनाही मुकते. म्हणून थांबवले त्याची नोंद ठेवावी आणि कारण संपताच ते मोकळे करावे.

माल कोणाच्या भांडारातला?

अधिकृत भांडारातून येणारे पॅकेज खरे आहे की नाही, याची पडताळणी ॲप्ट स्वतः करते. प्रत्येक पॅकेजचा गणिती ठसा भांडाराच्या सूचीत असतो, त्या सूचीचा ठसा मुख्य फाइलीत असतो आणि त्या मुख्य फाइलीवर वितरणाची डिजिटल स्वाक्षरी असते. वाटेत कोणी पॅकेजमध्ये फेरफार केला तर ठसे जुळत नाहीत आणि ॲप्ट ते नाकारते. त्यामुळे स्वाक्षरी पटत नसल्याची सूचना आली असता ती कशी बंद करावी याचा उपाय शोधण्याऐवजी ती का आली, हे शोधावे.

या साखळीचे बळ तिच्या उगमाइतकेच असते. अधिकृत भांडाराखेरीज बाहेरची भांडारे जोडण्याची सोय लिनक्समध्ये आहे आणि नव्या आवृत्तीच्या मोहाने ती सर्रास जोडली जातात. बाहेरच्या भांडाराला मान्यता देणे म्हणजे त्याच्या मालकाला आपल्या संगणकाची सर्वाधिकाराची किल्ली देणे होय, कारण पॅकेज बसवले जाते ते ‘रूट’च्या अधिकाराने. शिवाय एका वितरणाची पॅकेजे दुसऱ्यात मिसळली, की आवृत्त्यांचा मेळ बिघडतो आणि पुढचे प्रत्येक अपग्रेड अडखळू लागते. डेबियनच्या मंडळींनी अशा सरमिसळ यंत्राला ‘फ्रँकनडेबियन’ असे मार्मिक नाव दिले आहे.

याउलट, भांडाराबाहेरून हाताने बसवलेल्या सॉफ्टवेअरची ॲप्टला खबरच नसते. त्याच्या दुरुस्त्या ‘अपग्रेड’मधून येत नाहीत. असे काय काय बसवले आहे, याची यादी प्रत्येक सर्व्हर सांभाळणाऱ्याजवळ असलीच पाहिजे.

जुना क्रमांक, नवी दुरुस्ती

अनेकांना आणखी एक शंका छळते. एखाद्या त्रुटीची बातमी येते, मूळ निर्माते नवी आवृत्ती काढतात, पण आपल्या संगणकावर अपग्रेडनंतरही जुनाच क्रमांक दिसतो. दुरुस्ती आलीच नाही की काय?

डेबियनची ‘स्टेबल’ आवृत्ती किंवा उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती यांच्या धोरणात याचे उत्तर आहे. स्थैर्य टिकावे म्हणून ही वितरणे सॉफ्टवेअरची मूळ आवृत्ती सहसा बदलत नाहीत. नेमकी सुरक्षेची दुरुस्ती तेवढी जुन्या आवृत्तीत आणून बसवतात. एप्रिल २०१४ मध्ये ‘ओपनएसएसएल’ या सॉफ्टवेअरमधील ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी उघड झाली. मूळ निर्मात्यांनी दुरुस्ती ‘१.०.१ जी’ या आवृत्तीत दिली. डेबियनच्या तत्कालीन स्टेबल वितरणात मात्र क्रमांक ‘१.०.१ ई’च राहिला. बदलली ती त्यापुढील शेपटी. म्हणून केवळ पहिले आकडे पाहून निष्कर्ष काढू नये. वितरणाच्या सुरक्षा पत्रकात कोणत्या पूर्ण क्रमांकात दुरुस्ती आहे ते दिलेले असते. तेच प्रमाण मानावे.

अपग्रेडपूर्वीची तयारी

तयारीतील पहिली गोष्ट बॅकअप. वापरकर्त्यांच्या फाइली आणि ‘ईटीसी’ या निर्देशिकेतील सेटिंगच्या फाइली एवढ्यांची प्रत तरी दुसऱ्या डिस्कवर असावी. बसवलेल्या पॅकेजांची यादी एका फाइलीत काढून ठेवल्यास संगणक नव्याने उभा करण्याची वेळ आली तरी तास वाचतात. लिनक्स मिंटमधील ‘टाइमशिफ्ट’सारखे साधन आधीच्या स्थितीची प्रतिमा घेऊन ठेवते आणि गरज पडल्यास तेथवर परत नेते. मात्र ही प्रतिमा प्रणालीसाठी असते. वैयक्तिक फाइलींचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो.

दुसरी गोष्ट जागा. विशेषतः ‘बूट’चा विभाग वेगळा आणि लहान असेल, तर जुनी कर्नले साठून तो भरतो आणि नवे कर्नल बसताना काम अर्धवट राहते. ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ ही आज्ञा नको असलेली जुनी कर्नले काढते. तिचीही यादी वाचूनच ‘होय’ म्हणावे.

तिसरी गोष्ट वीज. पॅकेज उलगडत असताना वीज गेली तर फाइली अर्ध्या नव्या, अर्ध्या जुन्या अशा राहू शकतात. वीज बेभरवशाची असेल तेथे यूपीएसशिवाय मोठे अपग्रेड हाती घेऊ नये. लॅपटॉप चार्जरला जोडलेला असावा.

दूरवरच्या सर्व्हरवर काम करणाऱ्यांसाठी चौथी गोष्ट महत्त्वाची. इंटरनेटची जोडणी तुटली, की तीमधून सुरू केलेले अपग्रेडही मध्येच मरू शकते. ‘स्क्रीन’ किंवा ‘टीमक्स’ या साधनांच्या आत आज्ञा दिल्यास जोडणी तुटली तरी काम सर्व्हरवर चालू राहते आणि पुन्हा जोडून ते पाहता येते.

मध्येच येणारा प्रश्न

अपग्रेड चालू असताना कधीकधी संगणक थांबतो आणि सांगतो, की अमुक सेटिंगची फाइल येथे बदललेली आहे आणि पॅकेजसोबत तिची नवी प्रत आली आहे, कोणती ठेवू? येथे घाईने दिलेले उत्तर महागात पडते. नवी प्रत स्वीकारली तर सर्व्हर सांभाळणाऱ्याने कष्टाने केलेले बदल एका फटक्यात निघून जातात. संकेतस्थळ बंद पडते किंवा दूरवरून आत येण्याचा रस्ताच मिटतो. जुनी ठेवली तर नव्या आवृत्तीला लागणारी एखादी सेटिंग राहून जाऊ शकते.

म्हणूनच या प्रश्नात तिसरा पर्याय दिलेला असतो, तो दोन्ही प्रतींतील फरक दाखवण्याचा. आधी फरक पाहावा. काही न कळल्यास जुनी फाइल ठेवणे हा मूळचा पर्याय आहे आणि तोच कमी धोक्याचा. नाकारलेली नवी प्रत त्याच निर्देशिकेत ‘डीपीकेजी-डिस्ट’ अशा शेपटीसह राहते. ती सवडीने वाचून लागणारे बदल हाताने करता येतात.

अपग्रेड संपले, काम नाही

पॅकेजे बसली, पडद्यावर पुन्हा आज्ञेची ओळ आली, की काम झाले असे वाटते. येथेच अनेक अनुभवी मंडळीही फसतात. डिस्कवरील फाइल बदलली तरी आधीपासून चालू असलेला प्रोग्रॅम स्मृतीतील जुनीच प्रत वापरत राहतो. हार्टब्लीडच्या वेळी नेमके हेच घडण्याचा धोका होता. ओपनएसएसएलचे पॅकेज नवे, पण वेबसर्व्हर पुन्हा सुरू न केल्याने छिद्र उघडेच. डेबियनने त्यामुळे लगोलग सुधारित पॅकेज काढून अपग्रेडच्या वेळीच संबंधित सेवा पुन्हा सुरू करण्याची सूचना देण्याची व्यवस्था केली. आज ‘नीडरिस्टार्ट’ हे साधन कोणत्या सेवा जुन्या प्रतीवर चालत आहेत ते दाखवते. कर्नल नवे असेल तर मात्र साधारणपणे संगणकच पुन्हा सुरू करावा लागतो. जुने कर्नल लगेच पुसले जात नाही. नवे चालले नाही तर सुरुवातीच्या ‘ग्रब’ मेनूतून जुने निवडता येते.

काही वेळा पुन्हा सुरू करणेही पुरत नाही. सप्टेंबर २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल पॅकेजमध्ये केलेल्या एका बदलामुळे गुप्त किल्ल्या तयार करताना लागणारी यादृच्छिकता जवळपास नाहीशी झाली. एका प्रकारच्या आणि एका लांबीच्या किल्लीसाठी केवळ ३२,७६७ शक्यता उरल्या. संगणकाला तेवढ्या पडताळून पाहणे हा खेळ. मे २००८ मध्ये हा दोष जाहीर झाला आणि दुरुस्त पॅकेज आले. परंतु मधल्या काळात तयार झालेल्या किल्ल्या दुर्बळच होत्या. नवे कुलूप बनवण्याचा कारखाना सुधारला म्हणून दाराला आधीच लावलेले कुलूप सुधारत नाही. प्रत्येकाला जुन्या किल्ल्या टाकून नव्या तयार कराव्या लागल्या. सुरक्षा पत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे ते यासाठीच.

नवे ते सारे सुरक्षित नव्हे

अद्ययावत राहा म्हणजे जगातील सर्वांत नवी आवृत्ती धरा, असा अर्थ मात्र नाही. २९ मार्च २०२४ रोजी अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने उघडकीस आणलेली घटना त्या दृष्टीने डोळ्यांत अंजन घालणारी ठरली. डेबियनच्या चाचणीकालीन आवृत्तीवर काम करताना दूरस्थ लॉगिनला अर्धा सेकंद अधिक लागत असल्याचे त्यांच्या लक्षात आले. त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढताना ‘एक्सझेड’ या फाइली आक्रसण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये दडवलेले चोरदार सापडले. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या व्यक्तीने दोनेक वर्षे प्रकल्पात काम करून विश्वास संपादन केला होता आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत ते दार बसवले होते.

ज्यांनी चाचणीकालीन, अगदी ताज्या आवृत्त्या घेतल्या होत्या त्यांच्यापर्यंत हे पॅकेज पोहोचले. डेबियनच्या स्टेबल आवृत्तीत ते आलेच नव्हते. संथ वाटणाऱ्या वितरणाचा संथपणा त्या दिवशी ढाल ठरला. या घटनेवरील उतारादेखील अखेर अपग्रेडनेच आला आणि तोही गमतीदार रूपात. ॲप्ट नेहमी मोठ्या क्रमांकाकडे जाते, मागे येत नाही. त्यामुळे डेबियनने जुनी, निर्दोष ५.४.५ आवृत्ती नव्या पॅकेजात घातली आणि त्याचा क्रमांक ‘५.६.१’ने सुरू करून पुढे ‘खरे तर ५.४.५’ अशा अर्थाची शेपटी जोडली. क्रमांक पुढे गेला, माल मागचा आला.

सर्वसामान्य वापरकर्त्याने यातून घ्यावयाचा धडा सोपा आहे. कामाच्या संगणकावर स्थिर आवृत्ती वापरावी आणि तिच्यावरील सुरक्षेच्या दुरुस्त्या मात्र विलंब न लावता घ्याव्यात. उबुंटूमध्ये ‘अनअटेंडेड अपग्रेड्स’ ही सोय सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप बसवते. घरगुती संगणकावर ती चालू असू द्यावी. अनेक सर्व्हर असतील तर आधी एकावर अपग्रेड करून, काही काळ पाहून मग इतरांकडे वळावे.

आवृत्तीच बदलायची असेल तर

रोजच्या दुरुस्त्या वेगळ्या आणि वितरणाची संपूर्ण आवृत्ती बदलणे वेगळे. डेबियन १२, ‘बुकवर्म’, हे १० जून २०२३ रोजी आले आणि डेबियन १३, ‘ट्रिक्सी’, हे ९ ऑगस्ट २०२५ रोजी. डेबियनच्या आवृत्तीला साधारण तीन वर्षे मुख्य साहाय्य मिळते आणि पुढे दोन वर्षे दीर्घ मुदतीच्या गटाचे. ही मुदत संपली, की सर्वसाधारण दुरुस्त्या येणे थांबते. यंत्र चालू राहते आणि त्यामुळेच धोका दिसत नाही.

आवृत्ती ओलांडताना उडी मारता येत नाही. डेबियन ११ वरून १३ वर जायचे तर मध्ये १२ वर थांबावेच लागते. आधी आहे ती आवृत्ती पूर्ण अद्ययावत करावी, बाहेरची भांडारे बंद करावीत, थांबवलेली पॅकेजे मोकळी करावीत, मग भांडाराच्या यादीत नव्या आवृत्तीचे नाव घालावे. त्यानंतर आधी साधे अपग्रेड आणि मग ‘फुल-अपग्रेड’ अशा दोन टप्प्यांत जावे. प्रत्येक आवृत्तीबरोबर येणाऱ्या टिपणांत ‘लक्षात ठेवण्याजोग्या अडचणी’ असे प्रकरण असते. ते आधी वाचलेले असावे. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती वापरणाऱ्यांना पुढच्या अशाच आवृत्तीकडे जाण्याचे निमंत्रण सहसा तिची पहिली सुधारित प्रत आल्यावरच मिळते. ही काही महिन्यांची प्रतीक्षा हिताचीच असते.

मध्येच अडकले तर

इतकी काळजी घेऊनही काम अडू शकते. दुसरी प्रक्रिया पॅकेजांवर काम करत असल्याने कुलूप लागले आहे, असा संदेश आला तर कुलपाची फाइल पुसून टाकण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो मानू नये. बहुधा मागे आपोआप चालणारे अपग्रेडच सुरू असते. काही मिनिटे थांबले, की कुलूप निघते. वीज जाऊन काम अर्धवट राहिले असेल तर ‘डीपीकेजी’ला राहिलेली सर्व पॅकेजे मांडून पूर्ण करण्याची आज्ञा देता येते. अवलंबित्व तुटले असेल तर ॲप्टचा ‘फिक्स-ब्रोकन’ हा पर्याय आहे. कोणत्या दिवशी कोणते पॅकेज बसले, कोणते निघाले याची नोंद ॲप्टच्या ‘हिस्टरी’ फाइलीत असते. काल चालणारी गोष्ट आज का चालत नाही, याचा शोध तेथून सुरू करावा. फेडोरामध्ये ‘डीएनएफ हिस्टरी’तील एखादा व्यवहार उलटवून पाहण्याचीही सोय आहे.

या आज्ञा इंग्रजीत असल्या तरी त्या शिकण्यासाठी इंग्रजी हा अडसर राहिलेला नाही. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे पाठ मराठीतूनही ऐकता येतात.

घाटरस्त्यांवर ‘अति घाई संकटात नेई’ अशी पाटी जागोजागी दिसते. तीत घाटातून जाऊच नका असे म्हटलेले नाही. अद्ययावतीकरणाचेही तसेच आहे. वाट टाळून चालत नाही. वळणावर वेग कमी करावा लागतो. लिनक्समध्ये ते वळण अगदी ठळक असते. काय येणार, काय जाणार, किती जागा लागणार हे सांगून संगणक थांबतो आणि एका अक्षराच्या उत्तराची वाट पाहतो. ते अक्षर दाबण्यापूर्वी यादी वाचण्यास लागणारा अर्धा मिनिट हा साऱ्या व्यवस्थेतील सर्वांत स्वस्त विमा होय.